घरच्यांसाठी केलेली सेवा आमच्या कळशीवर बसत नाही. नियम बदलावा का?

वाशिष्ठीकाठ · ६ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण घरात त्याचं उत्तर निघेना म्हणून इथे मांडतोय. मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही, तेव्हा जरा लांबेल.

आमचं घर चिपळूणचं. घरात पणजीच्या वेळची एक तांब्याची कळशी आहे. काठाशी पणजीचं नाव ठोकलेलं आहे आणि त्याच्याखाली गोल गोल उतरत गेलेली आणखी चौतीस नावं. ही चौतीस माणसं आमच्याच कुटुंबातली. त्यांनी दुसऱ्यांसाठी काहीतरी केलं म्हणून त्यांची नावं तिथे आहेत.

सुरुवात अशी झाली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडे फडताळातली भांडी खाली आली, एका भिंतीला चीर गेली, त्याहून जास्त काही नाही. वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे आप्पा, तेव्हा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. उजाडल्यावर कोयनानगरची हकीकत कानावर आली, तसे ते एका ट्रकमधून कापूस, बँडेजं, टिंक्चर आणि घरातली सात घोंगडी घेऊन कुंभार्ली घाट चढून गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले आणि अठरा दिवसांनी आले. पुढच्या अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ द्यायचा होता. पणजीने वाळा घातलेल्या पाण्याने ही कळशी भरली आणि भटजींच्या ऐवजी आप्पांच्या हातात ठेवली. "तहानेल्यांना पाजून आलाय, पितर ह्याच्या हातचं पितील," असं ती म्हणाली. भटजींना दुसरी कळशी दिली. त्या वर्षी तिने कासाराकडून आप्पांचं नाव घालून आणलं, आणि तिथून हा पायंडा पडला.

शाल, हार, भाषण असलं आमच्याकडे काही नसतं. ज्याचा मान असेल त्याला पाटावर बसवायचं, घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने ओवाळायचं, मग वही वाचायची. वहीत स्तुती नसते. काय केलं, कुठे, केव्हा, कोणासाठी, एवढंच असतं. नंतर कळशी वर्षभर त्या माणसाच्या घरी राहते आणि त्या घराने पिण्याचं पाणी तिच्यातच भरायचं असतं. ज्या वर्षी कोणी नसेल त्या वर्षी कळशी देवघरात आणि वहीत एक रिकामी रेघ. अशा तेवीस रेघा आहेत. मला त्या रेघांचा अभिमान वाटतो. नाव हवं म्हणून कधी नाव शोधलं गेलं नाही.

वही गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. बँकेत खातेवह्या लिहून अक्षर घोटलं गेलं होतं म्हणून माझ्याकडे आली. दोन नोंदी सांगतो, म्हणजे अंदाज येईल. १९८९ साली आत्या. ती आरोग्य केंद्रात नर्स होती. जुलैत साकव वाहून गेल्यावर पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, दोर बांधून ती पलीकडच्या वाडीत उतरली आणि अडलेल्या बाईला मोकळी करून दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. २००७ साली माझा चुलतभाऊ. त्याचा रक्तगट 'बाँबे' आहे. फोन आला की रात्रीच्या गाडीने पुणे, सांगली, एकदा हुबळी असा जाऊन रक्त देऊन यायचा.

आता नियम. १९७१ साली घरातल्या दोघांनी आपापल्या मुलांची नावं पुढे केली. एकाने आईवडिलांना काशी घडवली होती, दुसऱ्याने बापाचं कर्ज फेडलं होतं. वाद झाला. तेव्हा आप्पांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: "घरच्यासाठी केलं ते कर्तव्य. परक्यासाठी केलं ती सेवा. कळशी सेवेची आहे." तेव्हापासून हा नियम कोणी मोडलेला नाही.

गेल्या महिन्यात माझी चौदा वर्षांची पुतणी सुट्टीचा अभ्यास म्हणून वहीतली नावं उतरवून घेत होती. तिने विचारलं, "काका, ह्यात वहिनीकाकूचं नाव कसं नाही?"

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची, दादांची बायको. वय अठ्ठावन्न. २०१२ ते २०१८ त्यांनी सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलं. त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आत्याला अर्धांगाचा झटका आला. आत्याने लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नाही, ती दादांकडेच राहते. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. सहा वर्षं झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला तेव्हा पाणी घरात शिरल्यावर वहिनींनी आळीतल्या चार पोरांच्या मदतीने आत्याला खाटेसकट शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं आणि दोन दिवस तिथेच तिचं सगळं केलं. त्याच पुरात माझ्या पुतण्याने होडीतून लोकांना पाणी पोचवलं. २०२२ साली त्याचं नाव कळशीवर लागलं, आणि ते योग्यच होतं. त्याची नोंद मीच लिहिली. त्याच घरात, त्याच दोन दिवसांत वहिनी काय करत होत्या ते लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. पुतणीने विचारेपर्यंत आलं नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतंय.

चौतीस नावांत बायका फक्त पाच आहेत, हेही मी पहिल्यांदाच मोजलं.

दादांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्याच बायकोचं नाव मी कसं लावू? लोक काय म्हणतील? आणि आप्पांनी लिहिलंय ते?" एक चुलतबहीण म्हणते, आज हे नाव घातलंत की उद्या प्रत्येक घरातून नाव येईल. तिचंही खोटं नाही. आप्पा आता नाहीत. अक्षय्य तृतीया ३० तारखेला आहे. नियम मोडावा का? तुमच्याकडे असं काही असेल तर कसं करता?

---

देवरुखी · ६ एप्रिल

नियम मोडू नका, असं मी स्पष्ट सांगेन. कारण आमच्याकडे मोडला.

आमच्या कुळाचं संमेलन दर तीन वर्षांनी भरतं. पहिल्या वेळी चार जणांचा सत्कार केला होता. चौघंही खरोखर समाजाचं काम करणारे. दुसऱ्या वेळी दहावी-बारावीत नव्वद टक्क्यांच्या वर असलेले आले, मग परदेशी बढती मिळालेले आले, मग पंचाहत्तरी झालेले. तिसऱ्या वेळी बासष्ट शाली वाटल्या. मे महिना, मंडपात पत्रा तापलेला, लोक जेवणाच्या रांगेत. आमचे एक काका तीस वर्षं धनगरवाड्यावरच्या मुलांना रविवारी चालत जाऊन फुकट गणित शिकवायचे. त्यांचा नंबर सत्तेचाळिसावा होता, आणि मानपत्रावर नाव दुसऱ्याच कुणाचं. ते काही बोलले नाहीत. हसून घेतलं. त्यानंतर ते संमेलनाला आले नाहीत.

तुमच्या आप्पांनी घातलेलं ते कुंपण आहे. त्याच्यामुळेच तेवीस रेघा रिकाम्या राहू शकल्या. वहिनींचा मान जरूर करा, पण दुसऱ्या दिवशी. पिठोरी अमावास्या आहेच, मातृदिन. आमच्याकडे आई डोक्यावर वाण धरून "अतिथी कोण?" विचारते आणि मुलं मागून "मी" म्हणतात. त्या दिवशी घरातल्यांसाठी राबणाऱ्यांचं काही करा. वेगळं भांडं घ्या हवं तर.

---

वाशिष्ठीकाठ · ७ एप्रिल

देवरुखी, तुमच्या काकांची गोष्ट वाचून रात्री झोप लागली नाही. तुमची भीती अगदी खरी आहे.

पण वेगळ्या भांड्याला माझं मन घेत नाही. दुसरी कळशी आणली की ती धाकटी कळशी ठरणार. मुलांना बरोबर कळतं कुठली मोठी ते.

---

पांढरा_गणवेश · ७ एप्रिल

मी चौतीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. तुमच्या आत्याची नोंद वाचून डोळे भरले, कारण तसे पऱ्ये मीही ओलांडलेत. पण मला वहिनींबद्दल विचारायचं आहे.

आत्यांना कधी शय्याव्रण झाले का? म्हणजे पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा? झाले नसतील तर त्याचा अर्थ काय होतो ते तुमच्या घरच्यांना सांगा. अंग लुळं पडलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीसुद्धा. वॉर्डात आम्ही हे तीन पाळ्यांमध्ये वाटून करायचो. आठ तास झाले की मी घरी, दुसरी हजर. पगार होता, सुट्टी होती, १२ मे ला परिचारिका दिनी गुलाबाचं फूल मिळायचं. तुमच्या वहिनी तिन्ही पाळ्या एकट्या करतात.

तुमच्या वहीत स्तुती नसते, काय केलं ते असतं, हे मला फार आवडलं. मग तसंच लिहा. दिवसाला किती वेळा कूस बदलली, किती वेळा भरवलं, पेज गाळून दिली की मिक्सरला लावून, अंग कधी पुसलं. गुणाकार करा. आकडा पाहून तुमचे दादासुद्धा गप्प होतील.

आणि हो, आत्या तुमच्या 'घरच्या' आहेत हे मान्य. पण वहिनींच्या त्या कोण? लग्न करून आलेल्या मुलीला नवऱ्याची आत्या जन्माने काहीच लागत नाही. आप्पांचा नियम शब्दशः धरला तरी ह्या बाईने परक्याचंच केलं, असं मला वाटतं.

---

खारफुटी · ८ एप्रिल

विषय थोडा सोडून विचारतो, माफ करा. बाँबे रक्तगटाबद्दल जरा सांगाल का? माझ्या बहिणीला 'ओ' सांगितला होता आणि ऑपरेशनच्या वेळी कुणाचंच रक्त जुळेना.

---

वाशिष्ठीकाठ · ८ एप्रिल

खारफुटी, माफी कसली. माझ्या चुलतभावाचं तस्संच झालं होतं. ह्या गटाच्या लाल पेशींवर 'एच' नावाचा पायाच नसतो, जो 'ओ'वाल्यांकडेसुद्धा असतो. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत हे लोक 'ओ' दिसतात, पण 'ओ'चं रक्त त्यांना चालत नाही. फक्त बाँबेचंच चालतं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा ओळखला, म्हणून हे नाव. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा असतो. बहिणीचं रक्त 'एच'साठी मुद्दाम तपासून घ्या आणि तसा दाखला नेहमी जवळ ठेवायला सांगा. सख्ख्या भावंडांनी, म्हणजे तुम्हीही तपासून घ्या. आमच्या भावाच्या बहिणीचाही तोच निघाला.

रक्त साठवलं तरी पाच-सहा आठवड्यांच्या वर टिकत नाही, म्हणून अशा माणसाला ऐन वेळी बोलावून घ्यावं लागतं. भाऊ त्या फोनसाठी उशाशी चार्जर लावून झोपायचा.

---

माजघर · ९ एप्रिल

मला सत्काराचा अनुभव आहे, तो सांगते.

माझ्या सासऱ्यांचं आठ वर्षं केलं. पाचव्या वर्षी गावातल्या एका मंडळाने मला 'आदर्श सून' म्हणून पैठणी दिली. दीर-जावांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, दोन गाड्या भरून जेवायला आले. त्या रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की आता मला थकले म्हणायची सोय उरली नाही. आधी मी कधीतरी म्हणायचे, आठ दिवस कोणीतरी न्या हो ह्यांना. पैठणीनंतर म्हणता येईना. आदर्श सून कशी म्हणेल? पुढची तीन वर्षं कोणी विचारलंही नाही. माझा माणदुखीचा त्रास तेव्हाचा आहे.

तेव्हा वाशिष्ठीकाठ, नाव घालायचं की नाही ह्याच्या आधी एक करा. वहिनींना विचारा, तुम्हाला काय हवंय. त्यांना विचारलंय का कोणी? तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये पुतणी बोलली, दादा बोलले, चुलतबहीण बोलली, आप्पा तर वहीतून बोलले. वहिनी एकदाही बोलल्या नाहीत.

दुसरं. आप्पा अठरा दिवस कोयनानगरला होते तेव्हा घरी कोण होतं? वहीत आहे का?

---

साताऱ्याचा_मावळा · ९ एप्रिल

माजघर ताईंनी नेमकं बोट ठेवलं. एवढंच जोडतो. आमच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव कोण घेत नाही? पण वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात भाकरी पडावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. ती मुलं जातीपातीची कुठकुठली, एका चुलीवर जेवणारी. लक्ष्मीबाईंनी केलं ते घरचं की बाहेरचं? माझ्या आजोबांना त्या काळातली भाकरी शेवटपर्यंत आठवायची. ते सांगायचे तेव्हा कर्मवीरांच्या आधी लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायचे.

---

वाशिष्ठीकाठ · १० एप्रिल

माजघर ताई, तुमचं उत्तर वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुमचं खरं आहे. वहिनींना कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. उद्या चिपळूणला जातोय. जाऊन आलो की लिहितो.

---

वाशिष्ठीकाठ · १३ मे २०२५

मंडळी, महिना उलटून गेला. मुद्दाम थांबलो होतो, सगळं पार पडल्यावर लिहावं म्हणून.

आधी माजघर ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. १९६८ ची नोंद पुन्हा काढली. आप्पांनी नेलेल्या वस्तूंची यादी त्यात आहे, घोंगडी सातही लिहिलेली आहेत. घरी कोण होतं ते नाही. आता ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, आत्या. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिच्या खाटेजवळ बसून विचारलं. तिला बोलायला वेळ लागतो, एकेक शब्द ढकलत आणावा लागतो. पाऊण तास गेला. तिने सांगितलं ते असं. आप्पांची बायको, आमच्या नानीकाकू, तेव्हा बाळंतीण होत्या. वीस दिवसांचं मूल. डिसेंबरची थंडी. सातातली तीन घोंगडी त्यांच्या बाळंतिणीच्या खाटेवरची होती. आप्पा नको म्हणत होते, नानीकाकूंनी स्वतः घडी घालून दिली आणि अठरा रात्री बाळाला पोटाशी धरून लुगड्यांच्या घड्या पांघरून काढल्या. ते बाळ म्हणजे आमचे दादा.

दादा तिथेच दारात उभे होते. सत्तावन्न वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ते मागल्या अंगणात जाऊन बसले. संध्याकाळी येऊन म्हणाले, "वहीत लिही. आईचं आधी लिही."

मग वहिनींना विचारलं. त्या रोवळीत तांदूळ धूत होत्या. म्हटलं, "वहिनी, यंदा कळशीवर तुमचं नाव घालावं असं मनात आहे. पण त्याआधी तुम्हाला काय हवंय ते सांगा." त्या हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, कळशी राहू दे. मला एक सलग रात्र झोप हवीय." तक्रारीचा सूर नव्हता. मीठ हवंय म्हणावं तसं म्हणाल्या. मी काय बोलणार? तेरा वर्षांपैकी बहुतेक रात्री ही बाई दोन तासांच्या तुकड्यांनी झोपली, आणि मी दर गणपतीला त्यांच्या हातचे मोदक खाऊन डोंबिवलीला परत जात होतो.

त्या आठवड्यात नऊ घरांत फोन केले. दर घराने महिना दीड हजार काढायचे ठरलं. १५ मे पासून ब्युरोची बाई रात्रीसाठी येणार आहे. ज्या चुलतबहिणीने उद्या प्रत्येक घरातून नाव येईल म्हटलं होतं, तिनेच सगळ्यांत आधी पैसे पाठवले आणि दर महिन्याला दोन दिवस स्वतः येऊन राहते म्हणाली. हे ठरल्यानंतरच कळशीचा विषय पुन्हा काढला. तेव्हा वहिनी हो म्हणाल्या.

आप्पांचं पान आम्ही खोडलं नाही. देवरुखी, तुमचे काका डोळ्यांसमोर होते. त्या तीन ओळींखाली दादांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "घरच्याचं करताना ज्याला वर्षानुवर्षं सुट्टी मिळाली नाही आणि घराने विचारलं नाही, त्याचं नावही बसेल. मात्र आधी घराने ओझं वाटून घ्यायचं, मग नाव." शब्दांवरून तास दीड तास चर्चा झाली. उद्या अडचणी येतीलही. तेव्हाचे लोक बघतील.

३० तारखेला सगळे जमलो. वहिनी पाटावर बसायलाच तयार नव्हत्या, आत्याचं जेवण व्हायचंय म्हणून. पुतण्याने आत्याला भरवलं तेव्हा बसल्या. चार वर्षांच्या नातीने ओवाळलं. मी वही वाचली. पांढरा गणवेश ताई, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं होतं: "१७ फेब्रुवारी २०१९ पासून आजपर्यंत दर दोन तासांनी कूस बदलली, दिवसातून बारा वेळा, दोन हजार दोनशे चौसष्ट दिवस. सत्तावीस हजारांच्या वर. पुरातल्या दोन दिवसांतही चुकलं नाही. एकही शय्याव्रण नाही." मोठ्याने वाचताना माझाच आवाज बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. आत्याने डावा हात उचलून कळशीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिचं स्वतःचं नाव त्याच बाजूला आहे, तीन वेढे वर.

नानीकाकूंचं नाव १९६८ च्या जागेवर बसायला जागा नव्हती. ते आप्पांच्या नावाशेजारी बारीक अक्षरात घातलं, पणजीच्या नावाच्या अगदी खाली. त्या बाजूला पुरात आलेला पोचा आहे. त्या वेळी कळशी वाहून मागल्या दारच्या चिखलात सापडली होती. कासार म्हणाला, पोच्यावर मशीन चालणार नाही. मग त्याच्या वडिलांनी छिन्नी-हातोडीने हातानेच घातलं. वहिनींचं नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "माहेरचं नाव चालेल का?" आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवीन नाव लिहितात. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांचंही लिहिलं होतं. जुनं नाव आमच्यापैकी अर्ध्या जणांना माहीत नव्हतं. घातलं ते. आता मुलं कळशी फिरवून नावं वाचतात आणि तिथे थांबून "ही कोण?" विचारतात. मग कोणीतरी वहिनींकडे बोट दाखवतं.

२ मे ला वहिनी दहा दिवसांसाठी देवगडला माहेरी गेल्या. कळशी वर्षभर मानकऱ्याच्या घरी राहायची असते, म्हणून ती पिशवीत घालून एसटीने बरोबर नेली. काल आल्या. कळशी आमसुलाने घासून लख्ख केलेली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पायरीचे आंबे.

त्या दहा रात्री आम्ही भावंडांनी वाटून घेतल्या. माझ्या वाट्याला चार आल्या. पहिल्या रात्री दोनचा गजर मला ऐकू आला नाही. चारला जाग आली तेव्हा आत्या जागी होती, छताकडे बघत. काही बोलली नाही. मी तिचे पाय धरले.

पांढरा गणवेश ताई, एक विचारायचं आहे. तिला डाव्या कुशीवर वळवलं की उजवा हात खाली लोंबतो आणि तिला दुखतं असं वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्या रात्री आहेत. काय चुकतंय?

---

पांढरा_गणवेश · १३ मे

उजवा हात लुळा आहे, म्हणून तो खाली सोडायचा नाही. डाव्या कुशीवर वळवलंत की तिच्या छातीसमोर एक जाड उशी ठेवा आणि उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत त्या उशीवर टेकवा. वळवताना त्या हाताला धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. खाली चादर आडवी घालून ठेवा आणि चादरीने उचलून वळवा, फरपटवू नका, कातडी सोलवटते. पाठीशी एक उशी लावा, म्हणजे पूर्ण आडवी न होता थोडी कललेली राहील. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि टाचा गादीला टेकता कामा नयेत, पोटऱ्यांखाली घडी घाला. हे सगळं वहिनींना विचारून करा, त्यांना तिच्या अंगाची खोड माहीत असेल.

आणि दोनचा गजर दोन फोनांवर लावा. दुसरा फोन हाताला लागणार नाही इतक्या लांब ठेवा.